मालाच्या गाडीतली माणसं

गाडीला अपघात झाला की आधी आजूबाजूच्या शेतातली माणसं धावून येतात, मग पोलीस, मग गाडीमालकाचा मेहुणा, आणि त्यानंतर मी. म्हणजे यायचो. आता सोडलं. वाशीम जिल्ह्यात पोटापाण्यासाठी चालणारं कोणतंही वाहन उलटलं, धडकलं, जळलं की विमा कंपनीचा मला फोन यायचा. ट्रक, पिकअप, ट्रॅक्टर, काळीपिवळी जीप, काहीही. मी कंपनीचा नोकर नव्हतो आणि एजंटही नव्हतो. एजंट विमा विकतो, हसतमुख असतो, नव्या वर्षाचं कॅलेंडर घरी आणून देतो. मी सर्व्हेअर. नुकसान काय झालं, कसं झालं आणि ते विम्यात बसतं की नाही, हे डोळ्यांनी पाहून लिहून देणारा. एजंट आला की लोक चहा ठेवायचे, मी आलो की गप्प व्हायचे.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी आधी ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात होतो. मग परीक्षा देऊन लायसन काढलं. आमच्या वस्तीत माझ्या आधी मास्तर झाले होते, तलाठी झाले होते, पण सर्व्हेअर मी पहिलाच. मी नेमकं काय करतो ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "आमचा पोरगा फुटलेल्या गाड्या पाह्यते." तिच्या सांगण्यात चूक काही नव्हती.

या अंकासाठी लिहा असं संपादक म्हणाले तेव्हा गमतीचे किस्से लिहावेत असं माझ्याही मनात होतं. गमती झाल्याच आहेत. सकाळी ट्रक पुलावरून खाली गेला आणि दुपारी मालक फोन करून विचारतो, "साहेब, इमा कालच्या तारखेचा निघन का?" मी म्हटलं, बाबा, असा निघत असता तर मी माझ्या आजोबांचाही काढला असता. पण लिहायला बसलो की लेखणी एकाच माणसापाशी जाऊन थांबते. म्हणून त्याचंच सांगतो.

त्याचं नाव शेख रफीक. मंगरूळपीरचा. बाप दर्ग्याच्या रस्त्यावर गाद्या भरायचा. रेडिमेड गाद्या आल्या तसा तो धंदा बसला आणि रफीकनं फायनान्सवर पिकअप घेतली. संत्री, सोयाबीन, खत, बांधकामाच्या विटा, जे भाडं मिळेल ते नेणारा. गाडी स्वतःच चालवायचा. माझी त्याची ओळख झाली ती एका रोह्यामुळे. आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या रस्त्यावर एक रोही उडी मारून त्याच्या गाडीसमोर आलं. बॉनेट, रेडिएटर, काच, सगळं आत गेलं. मी गॅरेजवर पोचलो तर रफीक हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन उभा.

"हे काय?"

"रोह्याचे केस हायेत साहेब. ग्रिलमंधून काढले. रोही त पळून गेलं, साक्ष कोण देईन? म्हणून जपून ठेवले."

त्या पिशवीची गरज नव्हती. मोडलेला पत्राच सगळं सांगत होता. पण इतकी काळजी घेणारा मालक मी कमी पाहिला होता. लायसन बरोबर, फिटनेस चालू, परमिट चालू. गाडी पुसलेली. अपघातानंतरही पुसलेली. त्याचा दावा मी मान्य करून पाठवला.

त्या दिवशी गॅरेजवर एक बाई बसून होती. सुताचा रुमाल डोक्याला गुंडाळलेला, पायांत रबरी बूट. मला वाटलं मेकॅनिकची कोणी असेल. मी रफीकशी बोलत असतानाच तिनं मधे विचारलं, "भाऊ, गाडी कधी सुटन? आमची सोंगणी लागली."

ती वंदनाबाई. इंझोरीची. सोयाबीन सोंगणाऱ्या, म्हणजे विळ्यानं कापणाऱ्या, बायांच्या टोळीची ती म्होरकी. कोणाचं शेत कधी धरायचं, किती बाया न्यायच्या, मजुरी काय बोलायची, हे सगळं ती ठरवायची. आणि सकाळी टोळी शेतावर न्यायला गाडी लागायची ती रफीकची. त्या वेळेला एस.टी. नाही आणि असली तरी ती शेतात जात नाही.

तेव्हा मी रफीकला बाजूला घेऊन नाही, तिच्यासमोरच सांगितलं, की या गाडीत बाया नेऊ नकोस, त्यांना विमा लागत नाही. बाहेरच्या वाचकालाही इथे थोडं समजावून सांगतो.

गाडीचा विमा दोन गोष्टींचा असतो. आपल्या गाडीनं रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाचं नुकसान केलं तर त्याची भरपाई, ही एक. याला थर्ड पार्टी म्हणतात आणि तो कायद्यानं घ्यावाच लागतो. दुसरी गोष्ट, आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. दोन्ही मिळून घेतलं की त्याला सगळे 'फुल' म्हणतात. या 'फुल' शब्दानं आमच्या जिल्ह्यात फार माणसं फसवली. फुल म्हणजे सगळं, असं मालकाला वाटतं आणि विकणारा ते वाटू देतो. पण धंद्याच्या गाडीचा विमा त्या गाडीच्या कामाला बांधलेला असतो. परवाना माल वाहायचा असेल तर विमाही माल वाहणाऱ्या गाडीचाच. ड्रायव्हरचा धोका त्यात घेता येतो, मालकाच्या स्वतःच्या हमालांचा घेता येतो. पण भाडं देऊन मागे बसलेला माणूस त्या गाडीत नसतोच. म्हणजे असतो, हाडामांसाचा असतो, पण विम्याच्या हिशेबी नसतो.

हे सगळं ऐकून रफीक म्हणाला, "मंग मले या बायायचा इमा काढून द्या ना साहेब. जो काय हप्ता असन थो भरतो."

"असा विमा नाही."

"काहून नाई?"

"कारण मालाच्या गाडीत माणसं न्यायचीच नाहीत असा कायदा आहे. जे करायचंच नाही त्याचा विमा कोण देईल?"

तो मोडलेल्या बॉनेटकडे पाहू लागला. वंदनाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. "भाऊ, म्या एक इचारतो. याच गाडीत म्या बाजारात वांगे घेऊन गेली, टोपल्यापाशी बसली, त चालते का?"

चालतं. तिनं नेमकं तेच विचारलं होतं जिथे कायदा वळतो. माल ज्याचा आहे तो मालक, किंवा त्याचा माणूस, आपल्या मालासोबत गाडीत बसला असेल तर त्याला विमा लागू होतो. मी तिला तसं सांगितलं.

ती हसली. गॅरेजमधली सगळी माणसं वळून पाहतील अशी हसली. "म्हंजे वांग्यासंगं गेली त म्या माणूस, अन् कामाले गेली त कोनीच नाई! मंग आता आमी घरून एकेक कट्टा घेऊनच बसत जाऊ. काय रफीकभाई?"

सोयाबीनच्या पोत्याला इकडे कट्टा म्हणतात. आम्ही सगळेच हसलो. मीही हसलो. मग मी रफीकला पुन्हा बजावलं की बाया नेऊ नकोस. तो म्हणाला, "म्या नाई नेल्या त दुसरा नेईन साहेब. अन् थो दारू पेते." वाहतुकीचं दुसरं साधन माझ्या खिशात नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या सोंगणीत सकाळी कंपनीचा फोन आला. पिकअप उलटली, इंझोरीच्या अलीकडे. गाडीचा मोठा अपघात झाला की गाडी हलवण्याआधी जागेवर जाऊन पाहणी करावी लागते, म्हणून मी लगेच मोटारसायकल काढली. गाडीचा नंबर ऐकला होता तरी तो रफीकचा आहे हे तिथे जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. लांबून पाहिलं तेव्हा कळलं. आडव्या पडलेल्या गाडीचा मागचा फाळका, मागे उघडायची फळी, तेवढा पुसलेला चमकत होता.

काय झालं ते सरळ होतं. पावसानं डांबराच्या कडेची साइडपट्टी वाहून गेली होती. समोरून येणाऱ्या मोटारसायकलला जागा द्यायला रफीकनं गाडी डावीकडे घेतली. चाक कडेवरून खाली घसरलं आणि भरलेली गाडी एका कुशीवर नालीत गेली. वेग जास्त नव्हता. टायरच्या खुणा पाहून मी तेव्हाही तेच लिहिलं आणि आजही तेच सांगेन. पण उघड्या गाडीत उभी असलेली माणसं पडायला वेग लागत नाही.

बायांना दवाखान्यात नेलं होतं. कोणाचा हात, कोणाची कंबर. वंदनाबाई फाळक्यापाशी उभी होती. आधी बाकीच्यांना चढवायचं आणि आपण शेवटी चढायचं अशी तिची सवय. ती गाडीखाली आली. दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

मी खाली उतरलो. चिखलात विळे पडले होते. जेवणाचे डबे, एका डब्यातली भाकर बाहेर येऊन भिजलेली. एक रबरी बूट. आणि गाडीच्या मागच्या भागापाशी, नीट एकाशेजारी एक, सोयाबीनचे चार-पाच कट्टे.

ते कट्टे कोरडे होते.

पहाटे पाऊस झालेला, खालची सगळी जमीन चिखल, उलटलेल्या गाडीतून पडलेली प्रत्येक वस्तू माखलेली. आणि कट्ट्यांची शिवण शाबूत, अंग स्वच्छ. गाडीतून ते पडले नव्हते. नंतर आणून ठेवले होते.

त्यांच्यापाशी एक माणूस उभा होता. हात जोडलेले नाहीत, रडत नाही. नुसता उभा. म्हणाला, "साहेब, हे कट्टे आमचे. आमची वंदना मंगरूळले इकाले नेऊन राह्यली होती."

तो तिचा नवरा, सुदाम. मी त्याला ओळखत नव्हतो, पण तो मला ओळखत होता. मग तो जवळ येऊन हळू म्हणाला, "तुमीच सांगतलं होतं ना तिले? घरी आल्यावर सांगत होती हसू हसू. गॅरेजवर एक भाऊ भेटला म्हणे, कट्टा आपला असन त इमा लागते."

या धंद्यात मला शिव्या मिळाल्या आहेत, धमक्या मिळाल्या आहेत, मालेगावात एकानं माझ्या मोटारसायकलची हवा सोडली होती. त्या सगळ्याचं काही वाटलं नाही. पण या माणसाची बायको अजून शवविच्छेदनाच्या टेबलावर होती, आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरून मागून आणलेल्या कट्ट्यांची राखण करत उभा होता. कारण मी एकदा, बरोबर असलेली एक गोष्ट, त्याच्या बायकोला नीट समजावून सांगितली होती.

"सुदामभाऊ," मी म्हटलं, "दवाखान्यात बायांनी पोलिसांना काय सांगितलं?"

"सोंगाले चाललो होतो म्हून सांगतलं असन. त्यायले काय मालूम."

"मग आता कट्टे ठेवून उपयोग नाही. उलट तुमच्यावरच खोट्या पुराव्याचं येईल. घेऊन जा परत."

त्यानं कट्ट्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "म्हंजे तिचं काहीच नाई?"

मी सांगितलं की कोर्टात दावा लावा, वकील करा, न्यायाधिकरण असतं, तिथे ऐकून घेतात. हे मी प्रत्येक अपघातात सांगायचो. सांगताना मला माझाच आवाज एस.टी. स्टँडवरच्या भोंग्यासारखा ऐकू आला.

रफीक रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली बसला होता. कपाळाला पट्टी. मला वाटलं तो काही मागेल. त्यानं काहीच मागितलं नाही. म्हणाला, "साहेब, झूठ लिहू नका. सुदामले म्याच म्हनलं होतं, कट्टे ठेवू नको म्हून. पन त्याचं घर आज जळून राह्यलं, त्याले कोण सांगन?" मग म्हणाला, "तिनं मले म्हनलं होतं आज, रफीकभाई, साइडपट्टी पाहून चालवजो. म्या पाहून राह्यलो होतो साहेब. खुदा कसम, म्या पाहूनच राह्यलो होतो."

मी जे पाहिलं ते लिहिलं. विळे लिहिले, डबे लिहिले. कट्टे कोरडे होते तेही लिहिलं, पण ते कोणी ठेवले याचा तर्क लिहिला नाही. तो माझ्या कामाचा भाग नव्हता. दुसरं काही लिहायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. उत्तर दर वेळी तेच येतं, की नाही. पोलिसांचा पंचनामा होता, बायांचे जबाब होते. मी खोटं लिहिलं असतं तर ते एका उलटतपासणीत पडलं असतं आणि सुदाम जेलात गेला असता. मी बरोबर होतो. आयुष्यात माणसाला आपण बरोबर असल्याचा इतका कंटाळा येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

दावा वाशीमला चालला. मला साक्षीला बोलावलं. कंपनीच्या वकिलानं विचारलं, गाडी कसली? मालवाहू. त्यात माणसं होती का? होती. मालासोबत होती का? विळे, डबे आणि बाहेरचे कोरडे कट्टे, जे दिसलं ते सांगितलं. सुदामच्या वकिलानं मला फार छेडलं नाही. तो अनुभवी होता, निकाल कुठे जाणार ते त्याला कळत होतं.

त्या दिवशी टोळीतली एक म्हातारी साक्षीला होती. अजून कुबडी घेऊन चालत होती. तिला विचारलं, तुम्ही कुठे चालल्या होत्या? ती म्हणाली, "सोंगाले. आनखी कुठी जाऊ? त्या दिवशी काम नसतं केलं त खाल्लं काय असतं?" न्यायाधीश तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं असावं. पण वाईट वाटणं हे कलमात नसतं.

कधी कधी न्यायाधिकरण असं म्हणतं की कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी. मी त्याच आशेवर होतो. इथे तसं झालं नाही. कंपनीची जबाबदारी नाही, भरपाई गाडीमालकानं द्यावी, असा निकाल लागला. कायद्याप्रमाणे वंदनाबाईच्या मरणाची किंमत तिच्या घरच्यांना मिळायला हवी होती, हे कोर्टानं मान्य केलं. ती कोणाकडून मिळणार, तेवढंच उरलं होतं. आणि ज्याच्याकडून मिळणार होती त्याची गाडी फायनान्सवाल्यांनी तोवर ओढून नेली होती.

रफीकनं बापाचं गाद्यांचं दुकान विकलं. ते दुकान म्हणजे एक गाळा आणि त्यावर पत्रा. जे आलं ते तो स्वतः इंझोरीला जाऊन सुदामच्या हातात देऊन आला. वकिलामार्फत नाही, कोर्टात नाही. त्यानंतर द्यायला त्याच्यापाशी काही नव्हतं. सुदामनं पुढची वसुलीची कारवाई लावली नाही. मी त्याला एकदा मंगरूळच्या बाजारात भेटलो तेव्हा विचारलं. तो म्हणाला, "त्याच्या घरात काय हाये? एक मशीन हाये शिलाईचं. थे उचलून आणू? अन् आणून काय करू?"

मग म्हणाला, "साहेब, म्या कोनावर राग धरू, थे तरी सांगा. रफीकवर धरतो म्हनलं त थो आमच्यासारखाच. तुमच्यावर धरतो म्हनलं त तुमी खोटं बोलले नाई. कंपनी त मले दिसतच नाई." तो खरंच उत्तराची वाट पाहत उभा होता. मी त्याला चहा पाजला.

त्यानंतर मी दोन-तीन वर्षं काम केलं. गाड्या पाहिल्या, पत्रे पाहिले. पण मालाची गाडी उलटली असा फोन आला की पहिला प्रश्न मी विचारायचा सोडला होता. मागे कोण होतं, हे विचारायला जीभ उचलायची नाही. ज्या सर्व्हेअरला हा प्रश्न विचारता येत नाही त्यानं काम थांबवावं. मी लायसन पुन्हा काढलं नाही. घरच्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं.

कोणी म्हणेल, इतका विमा समजणारा माणूस, गावोगाव जाऊन लोकांना सांगत का नाही? सांगितलं. एका शाळेत ड्रायव्हर-मालकांची सभा घेतली. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी एकानं विचारलं, "मंग मजूर शेतात कसे न्यायचे?" परवाना असलेली प्रवासी गाडी करा, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "तिचं भाडं दिलं त मजुरीत उरते काय?" सभा तिथेच संपली. लोकांना समजत नव्हतं असं नाही. मला वर्षानुवर्षं वाटत आलं की लोकांना विमा समजत नाही म्हणून ते बुडतात. वंदनाबाईला तो एका मिनिटात समजला होता.

या वर्षीच्या सोंगणीची गोष्ट. सकाळी मंगरूळपीरच्या फाट्यावर मी भाजी घेत होतो. एक पिकअप येऊन थांबली. मागे बाया उभ्या, डोक्याला रुमाल, हातात डबे. आणि स्टेअरिंगवर रफीक. दाढी पांढरी झालेली. मला पाहून तो खाली उतरला नाही, काचेतूनच हात कपाळाला लावला.

"तुझी आहे का गाडी?" मी विचारलं.

"कुठची साहेब. मालक दुसरा हाये. म्या नौकर." मग मी न विचारताच म्हणाला, "मालकाले म्हनलं होतं म्या, मानसं नको नेऊ. थो म्हने, मंग तू घरी बस."

मागून एका पोरीनं मला हाक मारली. "काका, वळखलं नाई का? म्या सुदामची पूजा."

मी ओळखलं नव्हतं. कोर्टात बापाच्या मागे बसलेली पाहिली होती, तेव्हा शाळेच्या कपड्यांत होती. आता तिच्या डोक्याला तसाच सुताचा रुमाल. बाकीच्या बाया चढल्या होत्या, ती फाळक्यापाशी उभी होती.

"शाळा?"

"दहावी झाली. मंग सोडली. आता टोळी म्याच पाह्यतो."

मला वाटलं काहीतरी सांगावं. इतकी वर्षं या रस्त्यांवर उलटलेल्या गाड्या पाहिल्या, कायदा पाठ केला, कलमं समजावली. त्यातून या पोरीला देण्यासारखं काही निघतं का, ते मी शोधत होतो. फाळक्यापाशी उभी राहू नको, रफीकला हळू चालवायला सांग, एवढंच सापडलं. ते बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली,

"आमी रफीकचाचाच्याच गाडीनं जातो काका. बाबानंच सांगतलं. म्हने, सगळ्यायपेक्षा थेच हळू चालवते."

मी बाजूला झालो आणि गाडी निघाली.